पाठमोरी खुर्ची

सई आणि अर्णव,

गेल्या महिन्यात सईचा फोन आला. "आजी, तू कॉलेजात भाषण करायला शिकवायचीस ना? मला या टर्मला तोच विषय घ्यावा लागलाय. शुक्रवारी पहिलं भाषण आहे. पटकन काही टिप्स दे, माझी बस येतेय." मी म्हटलं, "सावकाश बोल." सई म्हणाली, "ओके. अजून?" तेवढ्यात तिची बस आली.

फोन बंद झाल्यावरही मी तो हातात धरून बसले होते. जन्मभर शिकवलेला विषय दोन शब्दांत संपला होता, आणि ते दोन शब्द तिला कोणीही सांगू शकलं असतं.

इथल्या, गोव्यातल्या, एका दिवाळी अंकाचे संपादक दरवर्षी म्हणतात, "बाई, नोकरीच्या आठवणी लिहा." मी दरवर्षी टाळते. यंदा हो म्हटलं, पण अट घातली की लेख नातवंडांना उद्देशून असेल, इतरांनी वाचला तर माझी हरकत नाही. तुम्हाला देवनागरी वाचायला वेळ लागतो हे मला ठाऊक आहे. बाबाकडून वाचून घ्या. तो भरभर वाचतो. त्याला म्हणावं, आजीने सांगितलंय, पूर्णविरामाला थांब.

आता माझं बोलणं फारसं होत नाही. सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवरून भोंगा वाजवत येतो. मी दोन उंडे घेते आणि "काल जरा करपले होते" असं म्हणते. तो "बरं बाई" म्हणतो. त्यानंतर कधी कधी संध्याकाळपर्यंत तोंड उघडायचं कारण पडत नाही. रात्री तुमचा फोन आला की पहिल्या वाक्याला माझा आवाज फुटतो. तुमचा बाबा विचारतो, "सर्दी झालीय का?" सर्दी नसते. घसा वापरला नाही की असं होतं.

आधी विषय काय होता ते सांगते. आमच्या भागातल्या कॉलेजात मी इंग्रजी शिकवायची. आठवड्यातून दोन तास भाषणकलेचे असत. लोकांना वाटतं, त्यात आवाज मोठा करायला, हातवारे करायला शिकवतात. तेही होतं. पण खरं काम वेगळं. बोलणारा माणूस घाबरला की स्वतःकडेच बघू लागतो: माझे पाय, माझा घाम, माझं विसरलेलं वाक्य. त्याला तिथून उचलून ऐकणाऱ्याकडे न्यायचं, एवढंच आमचं काम. ते एकदा झालं की हात आपोआप हलतात.

हे मला शिकवलं मिस मिनेझिस यांनी. मी बेळगावला शिकत होते. त्या उंच, किडकिडीत, नेहमी राखाडी फ्रॉक घालणाऱ्या बाई. पहिल्या तासाला त्यांनी आपली खुर्ची उचलली, भिंतीकडे तोंड करून ठेवली आणि आमच्याकडे पाठ फिरवून बसल्या. म्हणाल्या, "एकेकाने उभं राहून बोला. मला वळावंसं वाटलं तर मी वळेन."

मी शिस्तीचं महत्त्व या विषयावर पाठांतर करून चार मिनिटं बोलले. मिस वळल्या नाहीत. दुसऱ्यांदा ग्रंथालयाचे फायदे सांगितले. नाहीत वळल्या. वर्गातल्या पोरींनी त्या खुर्चीला थडगं असं नाव ठेवलं होतं. तिसऱ्या महिन्यात मी विषयच विसरले आणि जे सुचलं ते सांगत सुटले: आमोण्याला आमच्या घरासमोर मांडवी नदी, शाळेतून यायला उशीर झाला आणि फेरीबोट चुकली की आई अलीकडच्या काठावर येऊन हाक मारायची. शब्द पाण्यावरून पोहोचत नसत, म्हणून ती नुसतं माझं नाव लांबवायची, आणि तेवढ्यावरून मला कळायचं की ती रागावली आहे की घाबरली आहे. खुर्ची करकरली. मिस वळून बसल्या होत्या. मी त्या दिवशी ठरवलं की हेच काम करायचं.

नोकरी लागली तेव्हा मीही खुर्ची फिरवली. खनिजाच्या ट्रकांच्या मालकाचा एक मुलगा होता, तो सतत ओरडून बोलायचा. घराच्या अंगणातच ट्रकांची इंजिनं धडधडत असत, बिचाऱ्याला दुसरा आवाज माहीतच नव्हता. मी त्याचा तास ग्रंथालयात घेतला. ग्रंथपाल माझ्याशी महिनाभर बोलत नव्हते. एक मुलगी हात रिकामे असले की थरथर कापायची. तिला म्हटलं, तुझ्या परसातली अबोली घेऊन ये. ती गजरा करता करता आपल्या आजीच्या बाळंतपणाच्या औषधांवर असं बोलली की वर्गातली मुलं लाजली आणि मी वळले. गजरा मात्र तिने मला दिला नाही, बाकावरच्या मैत्रिणीला दिला.

ते दिवस भाषेच्या भांडणाचे होते. कोकणी की मराठी, यावरून घराघरांत फूट पडली होती. आमच्या शिक्षककक्षात चहाची दोन मेजं झाली. एका मेजावरचे लोक म्हणत, "तुमचं काय, तुम्ही इंग्रजीवाल्या." दुसऱ्या मेजावरचेही तेच म्हणत. मी घरी आईशी कोकणीत बोलायची, पत्रं मराठीत लिहायची आणि पोटासाठी इंग्रजी शिकवायची. पण हे कोणाला सांगणार? मी माझा कप घेऊन जनेलाशी, खिडकीपाशी, उभी राहायची. एकटं बसायची सवय मला अलीकडची नाही.

गोवा घटक राज्य झालं, त्या सुमारास गुणाजी माझ्या वर्गात आला. पेडण्याकडच्या एका गावचा. गावाचं नाव लिहीत नाही, त्यातली माणसं अजून आहेत. साखळीला त्याचे मामा राहत, त्यांच्याकडे राहून शिकत होता. बोलायला उभा राहिला तो मालवणी वळणाच्या बोलीतच. पहिल्याच दिवशी मी भिंतीकडे तोंड करून बसले होते आणि तिसऱ्या वाक्याला वळले. असा आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता आणि नंतरही नाही. मोठा नव्हता, पण शेवटच्या बाकापर्यंत सहज जायचा.

दोन खोडी होत्या. बोलताना तो आमच्याकडे बघायचा नाही, किंचित वर, फळ्याच्या कोपऱ्यात बघायचा. आणि प्रत्येक वाक्यानंतर थांबायचा. चांगला दोन श्वास थांबायचा.

मी विचारलं, "गुणाजी, मध्येच गप्प का होतोस? विसरतोस?"

"ना बाई. वाट बघतंय."

"कोणाची?"

"व्हय म्हणतत ना, तेंची."

वर्ग हसला. मीही हसले. मग कळलं की त्याचे वडील सखाराम गावाच्या देवळात गाऱ्हाणं घालतात. तुम्हाला सांगायला हवं. गाऱ्हाणं म्हणजे गावाच्या वतीने देवाशी बोलणं. एक माणूस हातात नारळ घेऊन देवासमोर उभा राहतो आणि मोठ्याने सांगतो: आम्ही अमुक जण जमलो आहोत, चूक झाली असेल तर पोटात घाल, लांब गेलेल्यांना सुखरूप ठेव. प्रत्येक वाक्याला मागे उभे असलेले सगळे म्हणतात, "व्हय म्हाराजा." हे गुणाजीच्या घरात तीन पिढ्या चालत आलं होतं. लिहिलेलं काही नाही. बाप बोलतो, मुलगा मागे उभा राहून ऐकतो, आणि एक दिवस नारळ त्याच्या हातात येतो.

हे सगळं मला त्या दिवशी समजलं होतं. समजलं नव्हतं असं म्हणायला मला आवडलं असतं.

त्याच वर्षी आमच्या प्राचार्यांना आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेचा चषक हवा होता. एका स्पर्धेत परीक्षकांनी गुणाजीच्या कागदावर शेरा मारला: "आवाज उत्तम. बोलण्यातली चाल सोडा. विराम फार. श्रोत्यांकडे पाहत नाही." मी तो कागद घेतला आणि कामाला लागले. खुर्ची सरळ करून ठेवली, कारण स्पर्धेत पाठ करून बसणारे परीक्षक नसतात. व्यासपीठावर खडूने दोन पावलं काढली, टोकं श्रोत्यांकडे. त्याला म्हटलं, "इथे उभं राहायचं. आधी उजवीकडे बघायचं, मग डावीकडे, मग मधे. आणि काहीही झालं तरी लोकांकडे पाठ करायची नाही. पाठ केलीस की गेलास." विरामांना मी पट्टी वापरली. तो थांबला की मी बाकावर पट्टी आपटायची. चार महिन्यांत त्याचं थांबणं गेलं.

गुणाजी पहिला आला. सखाराम नारळ आणि केळीचा घड घेऊन कॉलेजात आले. धोतर, डोक्याला मुंडासं, कान टोचलेले. मला म्हणाले, "बाई, आमच्या घराक तुमी बोलूक शिकयलात!" आणि इतके हसले की त्यांना खोकला आला. त्यात टोमणा होता की कौतुक, मला ठरवता आलं नाही. मी चहा मागवला.

त्यानंतरच्या थंडीत सखारामांना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, वाचा गेली. गावची जत्रा महिन्यावर होती. गुणाजी मला बोलवायला आला. "बाई, औंदा गाऱ्हाणं माका घालूचा आसा. तुमी येया."

मी गेले. साखळीहून म्हापसा, म्हापशाहून पेडणे, पुढे चालत. सकाळची वेळ. देवळासमोर सगळा गाव जमला होता. मला बायकांच्या रांगेत जागा दिली. सखारामांना चटईवर खांबाला टेकवून बसवलं होतं. एका बाजूचं तोंड ओघळलं होतं, पण नजर मुलावर होती.

गुणाजीने पांढरा शर्ट घातला होता, स्पर्धेतलाच. गावकाराने, म्हणजे गावच्या मानकऱ्याने, त्याच्या हातात नारळ दिला. तो देवासमोर गेला, नमस्कार केला, आणि मग वळला. लोकांकडे तोंड करून, देवाकडे पाठ करून उभा राहिला. त्याची पावलं मी खाली बघितली. टोकं आमच्याकडे, बरोबर तेवढ्याच अंतरावर.

त्याने उजवीकडे पाहिलं. डावीकडे पाहिलं. मधे पाहिलं.

"बा देवा म्हाराजा!" तो म्हणाला, आमच्या डोळ्यांत बघून.

कोणीच "व्हय" म्हणालं नाही. म्हणणार कसं? तो आम्हालाच देव म्हणत होता. माझ्या शेजारची म्हातारी कुजबुजली, "ह्यो कोणाक सांगता गे? आमका?" मागे कोणीतरी फिसकन हसलं. थांबायची सवय मी मोडून काढली होती, म्हणून गुणाजी पुढे बोलत राहिला. एकामागून एक वाक्यं, स्वच्छ, न अडखळता, चषक मिळवणारी. सखारामांचा चांगला हात उचलला गेला आणि हवेतच राहिला. ते हाताने सांगत होते: वळ, वळ. मलाही ओरडून सांगता आलं असतं. मी पाहुणी होते. मी पदर घट्ट धरून उभी राहिले.

गावकार पुढे आला. रागावला नव्हता. त्याने गुणाजीच्या खांद्यावर हात ठेवला. "गुणग्या, देव थंय आसा, पुता." आणि नारळ त्याच्या हातातून काढून चुलतभावाच्या, रामाच्या हातात दिला. रामा देवाकडे तोंड करून उभा राहिला. साधा, जाडा आवाज. पहिल्याच वाक्याला साऱ्या गावाचा "व्हय म्हाराजा" असा उठला की खांबावरची कबुतरं उडाली. सखारामांचं तोंड उघडलं होतं. त्यातून आवाज आला नाही.

परत येताना बसमध्ये गुणाजी माझ्या पुढच्या बाकावर बसला होता. सबंध रस्ता त्याने मान वळवली नाही.

त्यानंतर तो वर्गात यायचा, पण बोलायचा नाही. हजेरीला नुसता हात वर करायचा. मी बेळगावला मिस मिनेझिसना सगळं लिहून कळवलं. त्या तेव्हा खूप थकल्या होत्या. पोस्टकार्डावर एकच ओळ आली: "मग आता तुझी खुर्ची पुन्हा फिरव."

मी फिरवली. बाकीची मुलं बोलत, मी भिंतीकडे बघत ऐके. सगळे गेले की अर्धा तास तशीच बसून राही, कदाचित तो येईल म्हणून. शिपाई येऊन दिवे घालवायचा आणि माझ्याकडे बघून मान हलवायचा. दीडेक महिना असाच गेला. एका दुपारी मागे पावलं वाजली आणि थांबली.

"बाई, बापूस गेलो," गुणाजी म्हणाला.

मी वळले. तो दारातच उभा होता. मग तो बोलू लागला, आपल्या बोलीत, फळ्याच्या कोपऱ्यात बघत: शेवटच्या रात्री वडील कसे ओठ हलवत होते, तो कसा कान लावून बसला होता, काही कळलं नाही ते. प्रत्येक वाक्यानंतर तो थांबत होता. त्याचं थांबणं परत आलं होतं. आणि मी, इंग्रजीत एम.ए. केलेली, बोलण्याचा विषय शिकवणारी बाई, त्या थांबण्यांत नुसती गप्प बसले. मला वाटलं, शोकात माणसाला मध्ये बोलून अडवू नये. पुस्तकात तसंच होतं. एक शब्द पुरला असता. तो मला म्हणता आला नाही. तो थोडा वेळ थांबला, आणि गेला.

ते त्याचं माझ्या वर्गातलं शेवटचं बोलणं. परीक्षा देऊन तो खाणीवर वजनकाट्याच्या खोलीत नोकरीला लागला. दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकांकडे बघत बसायचं, बोलायची गरज नाही असं काम. गावात गाऱ्हाणं रामाकडेच राहिलं, आता रामाचा मुलगा घालतो. गुणाजीला परत कोणी विचारलं नाही. बाजारात भेटला की हात जोडायचा. मी "कसा आहेस?" विचारायची, तो "बरो आसा" म्हणायचा. पुढची पंचवीस वर्षं आमचं बोलणं एवढंच.

मग तुमचे आजोबा गेले. त्या वर्षी गणपतीच्या चवथीला बाबाला रजा मिळाली नाही. मूर्ती आणू नये असंच मी ठरवत होते, पण मूर्तिकाराने सवयीने बाजूला काढून ठेवली होती, म्हणून आणली. माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगायचं रानफळांचं छत, बांधायला माणूस नव्हता. गुणाजीला कुठून कळलं कोण जाणे, तो आदल्या दिवशी आला. सुपाऱ्या, तोरिंजणं, कवंडाळं, सगळं रानातलं घेऊन. केस पांढरे झाले होते. शिडीवर चढून त्याने एकट्याने माटोळी बांधली. चवथीला पूजा झाल्यावर दारात उभा राहून म्हणाला, "बाई, गाऱ्हाणं कोण घालतलो?"

मी म्हटलं, "कोण घालणार? मी एकटी आहे."

त्याने चपला काढल्या. ताम्हणातला नारळ उचलला. गणपतीसमोर उभा राहिला, माझ्याकडे पाठ करून. शर्ट घामाने चिकटलेला होता. मी त्याच्या मागे, तुळशीच्या दाराशी उभी होते.

"बा देवा म्हाराजा."

आणि तो थांबला. दोन श्वास. मी पट्टी आपटून मोडलेलं ते थांबणं होतं.

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं.

माझा आवाज फाटका निघाला. एकटीचा "व्हय" केवढासा असणार! पण त्याचा खांदा हलला आणि पुढचं वाक्य आलं. "आज ह्या घरात एक लेकरू तुझ्या म्होऱ्यात उभा आसा." व्हय म्हाराजा. "हिची पोरां दर्याच्या पलतडी आसत, तेंची राखण कर." व्हय म्हाराजा. त्याने तुमची नावं घेतली. अर्णवच्या नावाचा "अर्नो" झाला, आणि तुमच्या शहराचं नाव तर मलाच ओळखता आलं नाही. "मागे-फुडे कोणाकडसून काय चूक झाली आसात, ती पोटात घाल." हे वाक्य प्रत्येक गाऱ्हाण्यात असतं. त्याने त्यात काही वेगळं धरलं होतं का, मी विचारलं नाही. मी "व्हय" म्हटलं.

सई, तुझा शुक्रवार केव्हाच होऊन गेला असेल. तरी सांगते. उभी राहिलीस की आधी ठरव, तू कोणाशी बोलते आहेस. ते लोक समोर असतीलच असं नाही. आणि तुझ्या वर्गात दुसरं कोणी बोलत असेल आणि थांबलं, तर त्या थांबण्याकडे नीट लक्ष दे. मला हे नोकरीत असताना कळलं नाही.

भाषणकलेचा तास आता कॉलेजात नाही. मिस मिनेझिस गेल्या, त्यांचं पोस्टकार्ड वाळवीने खाल्लं. चषक प्राचार्यांच्या कपाटात होता, कपाट कुठे गेलं माहीत नाही. बाकावर आपटायची माझी पट्टी मी स्वतः चुलीत घातली. गुणाजी दर चवथीला येतो. यंदाही आला होता. तो देवाकडे तोंड करून गाऱ्हाणं घालतो, आणि मागे उभी राहून मी व्हय म्हणते.